राणी हर्मीनाचा हिवाळा

लुबोशने ऑक्टोबरात टब बळकावला, आणि तेव्हापासून त्याची बायको ब्लाझेना बेसिनपाशी उभी राहून ओल्या फडक्याने अंग पुसत होती. अडुसष्टाव्या वर्षी, एका हाताने कंबर धरून. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावून सांगितलं होतं, रोज संध्याकाळी कढत पाण्यात अर्धा तास पडून राहायचं, नाहीतर हे दुखणं हटायचं नाही. घरात टब होता, कढत पाणी होतं, दुखणारी कंबरही होती. पण टबात कुमुदिनी होती.

साधीसुधी नव्हे हं! साध्या कुमुदिनी आमच्या सोबेस्लाव गावात पोत्याने मिळतील. रेल्वेच्या बांधापलीकडे आमच्या बागांचे तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्यात एक लाकडी खोपट, एक सफरचंदाचं झाड आणि एक खड्डा. खड्ड्याला तळं म्हणायची पद्धत आहे. लुबोशच्या शेजारचा तुकडा कुदर्नाचा. बायको गेल्यापासून एकटाच असतो, तोंडाने फटकळ. तो काय करतो, पानं पिवळी पडली की कापून टाकतो, कुमुदिनीच्या टोपल्या काठीने ढकलून तळ्याच्या खोल भागात लोटतो, "बसा आता गप," म्हणतो आणि बिअर प्यायला जातो. वर बर्फ धरतं, खाली गड्डे निवांत झोपतात आणि मे महिन्यात डोळे चोळत वर येतात. त्याला ना कौतुक, ना मेळावा.

पण लुबोशला असलं बिनबोभाट सुख कुठलं मानवायला! पाणीपुरवठ्याच्या खात्यात त्याने तीस वर्षं काढली होती, म्हणजे टेबलाशी. नळाला कधी हात लावला नसेल, पण पाणी या विषयावर त्याला कुणी काही सांगायचं नाही. त्याने उष्ण मुलखातलं बी मागवलं, या फुलाचा पराग त्या फुलाला लावला, आणि खरंच एक निळी कुमुदिनी घडवली. फूल बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोला. गडद निळ्या पाकळ्या, पोटात पिवळं, पाण्यावर वीतभर उंच मान. जगात तेवढं एकच रोप. पण जात उष्ण मुलखाची. पाणी गार झालं की बाईला हुडहुडी भरणार आणि ती कुजणार. आदल्या वर्षी तिची बहीण लुबोशने बादलीत घालून तळघरात ठेवली होती. ती अशी कुजली की तीन मजल्यांवरची माणसं आपापले फ्रिज हुंगत बसली होती.

म्हणून यंदा टब. वर नळीला दिवा टांगलेला, पाण्यात माशांच्या पेटीतली ती ऊब देणारी काच-कांडी, आणि साबणाच्या जागी थर्मामीटर.

"टबात?" ब्लाझेनाला आधी चेष्टाच वाटली होती.

"तात्पुरतं गं. मे महिन्यापर्यंत."

"मे? आत्ता ऑक्टोबर चाललाय, लुबोश!"

"मग काय, बर्फाळबुवांच्या आधी बाहेर काढू? मारून टाकू तिला?"

बर्फाळबुवा म्हणजे मे महिन्याच्या मध्यावर ओळीने येणारे ते तीन संत, आणि त्यांच्या मागोमाग येणारी थंड झोफिया. गेलेली थंडी त्या चार दिवसांत हटकून परत येते. आमच्याकडे देवाला न मानणाराही बर्फाळबुवांच्या आधी टोमॅटोचं रोप बाहेर लावणार नाही. तेव्हा ब्लाझेनाने तो मुद्दा सोडला.

"आणि मी आंघोळ कुठे करायची?"

"बेसिन आहे की. आई जन्मभर बेसिनवरच करायची."

आई म्हणजे हर्मीना. जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण घरातून गेली नव्हती. तीस वर्षं ही बाई दर रविवारी जेवायला यायची. ब्लाझेनाने सकाळपासून राबून केलेल्या सुपाचा एक चमचा तोंडात घ्यायची, चमचा खाली ठेवायची, आणि छताकडे बघत म्हणायची, "खाता येईल." तीस वर्षांत याच्या पुढे एक शब्द नाही. सूप असो, बदक असो, नाहीतर लेकाचा संसार असो. खाता येईल!

ब्लाझेनाचा चेहरा बघून लुबोशने पवित्रा बदलला. त्याने तिचा हात हातात घेतला. "ब्लाझेन्का," तो म्हणाला. हे लाडाचं नाव तो कामापुरतं काढायचा, चांदीच्या सुरीकाट्यांसारखं. "ब्लाझेन्का, हिचं बारसं अजून व्हायचंय. माझ्या हातची जात, जगात एकच. आणि नाव मी घरातलंच ठेवणार आहे. कुमुदिनीप्रेमी मंडळाच्या नाताळच्या मेळाव्यात जाहीर करतो की नाही बघ."

घरात माणसं दोन. लुबोश स्वतःचं नाव फुलाला देण्याइतका येडा नव्हता असं नाही, पण फूल पडलं बाईमाणूस. मग उरलं कोण? ब्लाझेना लाजली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्या नावाचं काही म्हणून नव्हतं. दारावरची पाटीसुद्धा नवऱ्याच्या नावाची. तिने टबावर पाणी सोडलं.

नुसतं सोडलंच नाही, त्या फुलाची चाकरीही केली. लुबोश मंडळाच्या बैठकीला गेला की ही दर तासाला थर्मामीटर बघायची. पिवळं पान दिसलं तर भुवयांच्या चिमट्याने काढायची. बेसिनपाशी कंबर पुसता पुसता तिच्याशी बोलायची. "जरा भराभर वाढ बाई. माझ्या नावाची तू, माझ्यासारखी रेंगाळू नकोस." बघायला माणसं यायची ती वेगळीच. कुमुदिनीप्रेमी मंडळाचे अध्यक्ष, इंजिनियर प्लेव्का, कमोडच्या झाकणावर ऐसपैस बसून, ब्लाझेनाच्या वाळत टाकलेल्या परकराखालून मान काढून टबाकडे बघत म्हणाले होते, "विलक्षण!" आणि ब्लाझेनाने त्यांना तिथेच चहा नेऊन दिला होता. कुणासाठी? आपल्याच नावासाठी ना!

मेळावा नाताळच्या आधीच्या शनिवारी, 'सोनेरी टेंच' या माशाचं नाव लावलेल्या बिअरखान्याच्या मागच्या खोलीत होता. ब्लाझेनाने केस सेट करून घेतले, आजीचा लाल खड्यांचा ब्रोच लावला. प्लेव्कासाहेबांनी थंडीवर भाषण केलं, दरवर्षीचंच. तळ्यावरचं बर्फ घणाने फोडू नये, मासे दचकून मरतात, कढत पाण्याचं पातेलं ठेवून भोक पाडावं, वगैरे. माना डोलल्या. मग लुबोश उठला. टाय सारखा केला.

"मित्रहो, ही कुमुदिनी मी एका स्त्रीला अर्पण करतो आहे. जिच्या हातचं खाऊन मी वाढलो..."

ब्लाझेनाने मान खाली घातली.

"...जिने माझ्यासाठी हाल सोसले, कधी तक्रार केली नाही..."

कंबर तर बाई आत्तासुद्धा दुखत होती. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. टेबलाभोवतीच्या बाया तिच्याकडे बघून हसायला लागल्या. एकीने तर दंडाला चिमटाही काढला.

"...ती माझी आई! आणि या फुलाचं नाव, राणी हर्मीना!"

टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. दंडाला चिमटा काढणारी बाई घाईघाईने आपल्या ग्लासात बघायला लागली. ब्लाझेनाही उभी राहिली आणि तिनेही टाळ्या वाजवल्या. काय करते? बसून राहिली असती तर मेलेल्या सासूवर जळते म्हणाले असते. समोर बसलेल्या कुदर्नाने मात्र टाळी वाजवली नाही. त्याने सॅलडचं भांडं उचललं. "शेजारीणबाई, बटाटा वाढू का?" एवढंच विचारलं. तिने वाढून घेतला आणि काट्याने नुसता चिवडत बसली.

घरी जाताना पायांखाली बर्फ करकरत होतं. लुबोश तरंगतच चालला होता.

"काय गं, कसं झालं भाषण?"

"खाता येईल," ब्लाझेना म्हणाली.

त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, आईसुद्धा असंच म्हणाली असती.

आणि मग आला कार्प.

नाताळ तोंडावर आला की आमच्या चौकात कोळी निळी पिंपं मांडतात आणि त्यांत नाताळच्या जेवणासाठी जिवंत कार्प मासे वळवळत असतात. काही लोक तिथेच मारून घेतात. लुबोशच्या मते ते लोक माणसांत जमा नव्हते. त्याच्या बापाच्या घरी कार्प टबात सोडायचे, आजोबांच्या घरी लाकडी घंगाळात. दोन-तीन दिवस चांगल्या पाण्यात पोहल्याशिवाय त्याच्या अंगातला तळ्याचा चिखल सुटत नाही, आणि चिखल सुटल्याशिवाय त्याला नाताळच्या ताटात जागा नाही. हा नेम त्या घरात लढाईतसुद्धा चुकला नव्हता.

"यंदा मारूनच आण," ब्लाझेना म्हणाली.

"मारून? या घरात मेलेला कार्प आजवर आलेला नाही!"

"अरे, पण टब कुठाय? टबात चिखलाची टोपली आहे. चिखलाचा वास जावा म्हणून त्याला चिखलातच सोडणार?"

"मधे जाळी लावतो. पाण्याचं मला शिकवू नकोस."

त्याने ओव्हनची जाळी काढली, टबाच्या मधोमध उभी केली, वरून नळीला आणि खालून भोकाच्या बुचाला दोऱ्याने बांधली. नळाच्या बाजूला कार्प, उताराच्या बाजूला राणी हर्मीना. लांब होऊन त्याने ते काम निरखलं आणि ब्लाझेनाला बघायला बोलावलं. ओव्हनची जाळी अशी आंघोळीला बसल्यावर नाताळची बिस्किटं कशावर भाजायची, हा प्रश्न त्याला पडला नाही. त्याला तसले प्रश्न पडत नसत.

कार्प होता दांडगा, लुबोशच्या पोटरीएवढा. चौकातल्या बर्फगार पिंपात बिचारा काठीसारखा पडून होता. पण टबातलं पाणी हर्मीनाच्या तब्येतीला मानवेल असं कोमट. तासाभरात कार्पाला तारुण्य आठवलं. शेपटी आपटून त्याने पहिल्यांदा दिवा भिजवला, मग लुबोशला.

"बघितलंस? प्रसन्न आहे!" लुबोश चष्मा पुसत म्हणाला.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी लुबोश प्लेव्कासाहेबांकडे गेला. हर्मीनाच्या नावाची पितळी पाटी बनवायची होती, तिच्यावर आईचं जन्मवर्ष घालावं की नको, यावर दोघांची खलबतं होती. ब्लाझेना स्वयंपाकघरात वेणी घालायच्या पावाचं पीठ मळत होती. टॉवेल घ्यायला म्हणून ती न्हाणीघरात गेली.

खालचा दोरा सुटला होता. कार्प जाळीला नाक लावून ढुशी देत होता. एक ढुशी, की जाळी बोटभर वर. तो मागे सरायचा, जरा विचार करायचा, पुन्हा ढुशी. पलीकडे हर्मीना पानं पसरून बसली होती, आणि पानांच्या मधे एक कळी आली होती. डिसेंबरात कळी! त्या कळीसाठी ब्लाझेनाने किती दिवस कंबर मोडून घेतली होती ते तिलाच माहीत.

तिच्या एप्रनच्या खिशात दोरा होता. दोन गाठी मारल्या की भागलं असतं. ती वाकली, आणि कमरेतून अशी कळ निघाली की टाचेपर्यंत उतरली. टबाची कड धरून ती तशीच थांबली. समोर पाटीच्या मापाचा कागद कापून लुबोशने टबाच्या कडेला चिकटवून ठेवला होता. राणी हर्मीना. अक्षर अगदी टपोरं काढलेलं. तिच्या वाढदिवसाच्या कार्डावर तो नुसती सही करायचा, आणि तीही कुठल्यातरी बिलावर केल्यासारखी.

कार्पाने तिच्याकडे बघितलं. तिने कार्पाकडे बघितलं.

"खा," ब्लाझेना म्हणाली. तिने दिवा घालवला, दार लोटलं आणि पावाची वेणी घालायला गेली. वेणी त्या वर्षी फार सुरेख पडली.

लुबोश आला तो कोटासकट सरळ न्हाणीघरात, पाटीचं सांगायला. आणि ओरडला! खालच्या मजल्यावरच्यांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. टबात तपकिरी रबडी झाली होती. टोपली उपडी, पानांच्या चिंध्या, कळीचा पत्ता नाही, आणि मधोमध कार्प, जाडजूड, समाधानी, सुस्तावलेला. लुबोश टबाच्या कडेवर बसला. "आई," एवढंच म्हणाला आणि हमसून रडायला लागला.

ब्लाझेना दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं होतं, आनंद होईल. झालाही. पण घासभरच. सासूच्या मातीलासुद्धा हा माणूस रडला नव्हता. तिथे उभा राहून पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते सांगत होता. आता टकलावर चिखलाचे शिंतोडे घेऊन मुलासारखा रडत होता. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्प मारायला कुदर्नाला बोलवावं लागलं. लुबोशला ते धाडस होईना. काम उरकून कुदर्ना मासा घेऊन स्वयंपाकघरात गेला, आणि ब्लाझेना टब घासायला बसली. केराच्या सुपलीने चिखल बादलीत भरता भरता तिच्या बोटाला काहीतरी टणक लागलं. तिला वाटलं अक्रोड. संध्याकाळी फोडायचे अक्रोड टेबलावर काढून ठेवलेलेच होते. नखाने खरवडलं तर आतून पांढरं. अक्रोड नव्हे, कंद. सगळं खाऊन कार्पाने मुळाखालचा एक कंद तेवढा सोडला होता. एवढा टणक, की त्याच्याही घशाला तो पेलला नसावा.

"सासूबाई," ब्लाझेना म्हणाली, "तुम्ही काही सुखाने जायच्या नाहीत."

कंद तिने बादलीवर धरला. नुसती बोटं सैल करायची होती. बाहेरच्या खोलीतून लुबोशने नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग ती स्वतःलाच चार शिव्या देत उठली, जॅमची रिकामी बरणी घेतली, तळघरातल्या गाजरांवरची ओली वाळू तिच्यात भरली, कंद मधे पुरला आणि बरणी कोठीच्या गार कोपऱ्यात काकडीच्या लोणच्यामागे ठेवून दिली. आपली डेलियाची मुळं ती अशीच ठेवायची. जगली तर जगली, मेली तर मेली. मी काही देव पाण्यात घालून बसणार नाही, असं तिने ठरवलं. टबात तर मुळीच नाही. मग तिने टब दोनदा साबणाने धुतला, कढत पाणी सोडलं, कडी लावली आणि हनुवटीपर्यंत पाण्यात शिरली. दारावर थाप पडली तरी उघडलं नाही.

नाताळच्या जेवणाला आमच्याकडे एक ताट जादा मांडतात, अवचित पाहुण्यासाठी. कुदर्ना ते ताट दरवर्षी आपलंच समजून यायचा. माशाचं सूप झालं, तळलेला कार्प आला. लुबोश आपल्या तुकड्याकडे डोळे लावून बसला होता, काटा हातात तसाच.

कुदर्नाने दुसरा तुकडा ओढला. "शेजारी, कमाल केलीत! असा गोड कार्प जन्मात खाल्ला नाही. काय खाऊ घातलं होतंत?"

लुबोश उठून आत गेला.

"माझं काही चुकलं का?" कुदर्नाने विचारलं.

"छे हो. त्याचंही ताट घ्या," ब्लाझेना म्हणाली, आणि तिने आपला तुकडा काट्याकुसासकट स्वच्छ केला.

जानेवारीत मंडळाने राणी हर्मीनासाठी दोन मिनिटं स्तब्धता पाळली. प्लेव्कासाहेब म्हणाले, विज्ञानाची हानी झाली. एप्रिलमध्ये कुमुदिनी लावायचा हंगाम आला, आणि सगळी मंडळी रबरी विजारी चढवून कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात उतरली. गड्डे कापा, जड मातीच्या टोपलीत आडवे लावा, डोळा वर ठेवा, वरून खडी पसरा, नाहीतर मासे माती उकरतात. हे शेवटचं सांगताना प्रत्येक जण लुबोशच्या रिकाम्या तुकड्याकडे बघून आवाज खाली आणायचा. पायांची बोटं बधिर झाली की काठावर येऊन रम घातलेला चहा प्यायचा आणि पुन्हा आत शिरायचं. यात मजा काय असते ते विचारू नये. लुबोश मात्र घरी खिडकीशी बसून होता. घर कसं शांत होतं, आणि टब रिकामा. ब्लाझेना रोज संध्याकाळी अर्धा तास पाण्यात पडायची, कंबर सुधारली होती, आणि तरी तिला त्या खिडकीकडे बघवेना.

बर्फाळबुवा आले. प्लेव्कासाहेबांनी घाई करून लावलेले टोमॅटो एका पहाटेत काळे पडले. थंड झोफियाही गेली. मग ब्लाझेनाने लोणच्यामागून बरणी काढली. वाळूतून एक फिकट, लालसर, दोऱ्याएवढा कोंब डोकं काढून बघत होता.

"कळलं होतं मला," ती म्हणाली.

म्हणजे सगळा हिवाळा राणीसाहेबांना लागत होती ती एक जॅमची बरणी! टब नको, दिवा नको, थर्मामीटर नको. कमोडवर बसलेला इंजिनियर तर नकोच नको. ब्लाझेना कोठीत उभ्या उभ्या इतकी हसली की लोणच्याच्या बरण्या किणकिणल्या.

बागेत कुदर्नाच्या कुंपणालगत एक जुना पत्र्याचा टब होता, पावसाचं पाणी धरायला. भर उन्हात. तिने कोंब कुंडीत लावला, पाणी चांगलं तापेपर्यंत थांबली आणि कुंडी त्यात सोडली. कुदर्ना कुंपणावरून डोकावत होताच.

"काय लावताय, शेजारीणबाई?"

"सासूबाई."

कुदर्नाच्या नाकातून बिअर बाहेर आली. पण पठ्ठ्याने उन्हाळाभर तोंडातून ब्र काढला नाही, आणि सोबेस्लावात हे आजवर कुणाला जमलेलं नाही.

ऑगस्टच्या एका रविवारी मंडळ सगळ्यांच्या बागा बघत फिरतं. लुबोश येत नव्हता. ब्लाझेनाने त्याला बाही धरून आणला आणि टबापुढे उभा केला. निळी, पोटात पिवळी, वीतभर उंच मान. तीच.

लुबोश गवतात बसला. "ही... ही कशी? कुणी?"

"मी. कंद राहिला होता. बरणीत ठेवला."

"ब्लाझेन्का!" तो उठून तिला मिठी मारायला आला. तिने हात आडवा धरला.

"थांब, आधी ऐक. जाळी सुटत होती ते मी बघितलं होतं. दोरा माझ्या खिशात होता. मी बांधला नाही. दिवा घालवला आणि गेले."

लुबोशचं तोंड उघडलं आणि मिटलं, अगदी पिंपातल्या कार्पासारखं. "पण का?"

"तू मला टाळ्या वाजवायला लावल्यास म्हणून."

त्याने पहिल्यांदा फुलाकडे बघितलं, मग तिच्या कमरेकडे, मग पुन्हा फुलाकडे. तेवढ्यात फाटकातून प्लेव्कासाहेब आणि मागोमाग सगळं मंडळ आत आलं. "अशक्य! राणी हर्मीना!" प्लेव्कासाहेबांनी टोपीच काढली.

लुबोशने घसा खाकरला. आवाज जरा कापत होता. "मित्रहो, थोडी दुरुस्ती आहे. हिचं नाव ब्लाझेना."

बाया 'अय्या' म्हणाल्या. कुदर्नाने कुंपणापलीकडून एकट्यानेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. हेच ऐकायला ब्लाझेना डिसेंबरात केस सेट करून बसली होती.

"नको," ती म्हणाली.

"नको?"

"तेव्हा दिलं असतंस तर मिरवलं असतं. आता तुझी चोरी पकडल्यावर दिलेलं नाव मला नको. आणि ऑक्टोबर आला की तू तेच म्हणणार, ब्लाझेनाला थंडी वाजते, ब्लाझेनाला टब हवा, आणि मी पुन्हा बेसिनपाशी. हर्मीनाच राहू दे तिचं नाव. फक्त हिवाळ्यात तिला कुठे ठेवायचं, ते मी ठरवीन."

लुबोशने मान डोलावली. प्लेव्कासाहेबांनी टोपी पुन्हा घातली. कोणत्या नावाला काढली होती ते त्यांचं त्यांनाच समजेना.

ऑक्टोबरात पानं पिवळी पडली. ब्लाझेनाने कुंडी उपसली, कंद धुतला, बरणीत ओली वाळू भरली, मधे हर्मीनाला बसवलं आणि झाकण दोन्ही हातांनी गच्च फिरवलं. लुबोश कोठीच्या दारात घुटमळत होता.

"इतकं घट्ट?" त्याने भीतभीत विचारलं.

"तीस वर्षं उघडंच होतं."

तिने बरणी लोणच्यामागे सरकवली. मग थोडं थांबून पुन्हा पुढे ओढली आणि झाकण अर्धा आटा सैल केलं. शेवटी जिवंत वस्तू, श्वास तर घ्यायला हवा.

"खाता येईल," ती बरणीला म्हणाली, आणि कंबर सरळ करत लुबोशकडे वळली. "काय बघतोस? जा, टबात पाणी सोड. कढत."

लुबोश गेला आणि त्याने नळ सोडला.